डेनबरीची मातीची गढी

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर परगण्यात, विंचेस्टर शहराच्या वायव्येला डेनबरी नावाची टेकडी आहे. उंची समुद्रसपाटीपासून १४३ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा उंचवटा किरकोळ वाटेल, पण भोवतालचा मुलूख हलक्या चढउतारांच्या माळरानाचा असल्यामुळे माथ्यावरून चहूकडे मैलोन्‌मैल नजर पोचते. या माथ्याभोवती मातीचे तट आहेत आणि त्यांना लागून खंदक. दगड नाही, चुना नाही, बुरूज नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी माणसांनी हरणाच्या शिंगांनी, लोखंडी अवजारांनी आणि टोपल्यांनी उपसलेला खडू आणि माती, एवढंच या गढीचं सामान. १९५८ मध्ये हॅम्पशायरच्या काउंटी कौन्सिलने ही टेकडी विकत घेतली. लोकांनी रविवारी फिरायला यावं, मोकळी हवा खावी, हा हेतू होता.

तटांच्या आत आणि तटांवर बीचची मोठमोठी झाडं होती. पूर्वीच्या मालकांच्या काळात लावलेली ही राई लांबून फार देखणी दिसायची. साठच्या दशकात ती मरू लागली. बीचला एक रोग होतो: आधी एक बारीकसा कीटक सालीवर पांढरट थर धरतो, मग त्याने केलेल्या जखमांतून बुरशी आत शिरते आणि बुंधा आतून किडत जातो. मेलेली झाडं तोडायला हवीत, त्यांच्या जागी नवी लावायला हवीत, असं ठरलं. रोपं लावायची म्हणजे खड्डे खणणं आलं, आणि खड्डे खणायचे तर ते या गढीच्या पोटात. तेव्हा झाडं लावण्याआधी खाली काय आहे ते पाहून घ्यावं, असा विचार पुढे आला. इंग्लंडमधल्या लोहयुगाबद्दल आज जे सांगितलं जातं, त्यातला फार मोठा भाग या आजारी झाडांमुळे हाती आला.

दगडी किल्ल्याला झाड काय करतं ते आपल्याला नीट ठाऊक आहे. तटाच्या सांध्यात पिंपळ रुजतो, मूळ पाचरीसारखं आत जातं आणि दहा-वीस वर्षांत चिरे निखळतात. मातीच्या गढीचं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. डेनबरीच्या खाली खडूचा पांढरा, घट्ट खडक आहे. मूळ ओल शोधत जातं, आणि घट्ट खडकापेक्षा मऊ, ओलसर माती कुठे सापडणार? जुन्या खड्ड्यांत, खांबांच्या भोकांत, बुजलेल्या खंदकात. म्हणजे मुळं नेमकी तिथेच जातात जिथे माणसांनी काही ठेवलेलं, टाकलेलं, पुरलेलं असतं. थरांवर थर बसलेले असतात, त्यांतून ती आरपार जातात. वरची वस्तू खाली ढकलतात, खालची वर आणतात. आणि वादळात झाड उन्मळून पडलं की मुळांचा अख्खा गड्डा मातीसकट वर येतो. त्या मातीतल्या वस्तूंचा काळ मग कुणीही सांगू शकत नाही.

ससेक्समधल्या चँक्टनबरी रिंगवर हेच घडलं. तिथल्या प्राचीन तटबंदीवर चार्ल्स गोरिंग नावाच्या तरुण जमीनदाराने १७६० मध्ये बीचची झाडं लावली. दोनशे वर्षं लोकांनी त्या राईचं कौतुक केलं, चित्रं काढली. ऑक्टोबर १९८७च्या वादळाने एका रात्रीत त्यातली बहुतेक झाडं आडवी केली आणि नवी लागवड करण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांना तिथे धावत जाऊन मुळांच्या खड्ड्यांतून उरलंसुरलं वेचावं लागलं. झाड लावणाऱ्या गोरिंगला कोण दोष देणार? त्याच्या लेखी ती रिकामी टेकडी होती.

डेनबरीचं काम बॅरी कनलिफ यांच्याकडे आलं. ते तेव्हा साउदॅम्प्टन विद्यापीठात प्राध्यापक होते, वय तीसच्या आत. १९६९च्या उन्हाळ्यात त्यांनी पहिले चर खणले. पुढे ते ऑक्सफर्डला गेले, पण दर उन्हाळ्याला विद्यार्थ्यांची आणि हौशी मदतनीसांची फौज घेऊन डेनबरीला येत राहिले. १९८८ पर्यंत सलग वीस हंगाम. गढीच्या आतली जमीन सुमारे पाच हेक्टर. त्यातली ५७ टक्के त्यांनी खणून काढली. युरोपातल्या टेकडीवरच्या गढ्यांपैकी इतक्या मोठ्या प्रमाणात आणि इतक्या चिकाटीने तपासलेल्या गढ्या फार थोड्या.

खडूच्या जमिनीवर उत्खनन करणाऱ्याला निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. वरची वीतभर माती काढून जमीन झाडून घेतली की पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर काळपट गोल डाग उमटतात. लहान डाग म्हणजे कुजलेल्या खांबाची जागा. मोठा, मीटर-दीड मीटर रुंदीचा डाग म्हणजे खड्डा. डागांच्या रांगा जोडत गेलं की कुठे गोल झोपडी होती, कुठे चार खांबांचं कोठार होतं, रस्ता कुठून जात होता, हे उमगायला लागतं. पण वरची जमीन शतकानुशतकं झिजलेली, त्यामुळे घरांच्या जमिनी, चुली, दारातल्या वाटा गेलेल्या. त्या वाचल्या फक्त एका ठिकाणी: तटाच्या आतल्या कडेला. तट रचण्यासाठी आतून माती काढली होती, तिथे खोलगट भाग तयार झाला. पुढे त्यात वरून घसरत आलेली माती साचत गेली आणि खालची घरं झाकली गेली. एकावर एक बसलेल्या जमिनी, राखेचे पट्टे, दाराची खूण, कुडाच्या भिंतीसाठी ओळीने ठोकलेल्या खुंट्यांची भोकं, सगळं जागच्या जागी. मला डेनबरीच्या सगळ्या अहवालात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बाकी पाच हेक्टरांवरही कधीकाळी असंच सगळं होतं, हे त्या अरुंद पट्ट्यामुळे कळतं.

गढी पहिल्यांदा बांधली गेली ती इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमारास. सुरुवातीचा तट उभ्या लाकडी खांबांनी समोरून अडवलेला, मागे माती आणि खडू दाबून भरलेला. दरवाजे दोन, एक पूर्वेला आणि एक नैर्ऋत्येला. लाकूड कुजतं, माती ओसरते, पुन्हा डागडुजी होते, असं दोन-अडीचशे वर्षं चाललं. इ. स. पू. ३०० च्या आसपास, म्हणजे पाटलिपुत्रात मौर्यांची सत्ता स्थिरावत होती त्या सुमारास, डेनबरीत मोठा बदल झाला. नैर्ऋत्येचा दरवाजा बंद करून टाकला. खंदक खोल करून त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिला आणि निघालेल्या खडूने तट उंच केला. त्यामुळे खंदकाच्या तळापासून तटाच्या माथ्यापर्यंत एकच सलग, निसरडा, पांढरा उतार तयार झाला. चढून येणाऱ्याला कुठे पाय टेकायला जागा नाही. पूर्वेच्या एकमेव दरवाजासमोर मातीचे बाहू पुढे काढून वाट नागमोडी केली. आत शिरणारा माणूस बराच वेळ वरून गोफण चालवणाऱ्यांच्या टप्प्यात राहील अशी ही रचना आहे. दरवाजापाशी हजारो गोफणगुंडे साठवलेले सापडले, साधारण एका आकाराचे, निवडून आणलेले.

आत आखीव वस्ती होती. मुख्य रस्ता दरवाजातून सरळ आत जाई. एका भागात चार किंवा सहा खांबांवर उचललेली चौकोनी कोठारं ओळीने उभी, त्यांची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच. खांब कुजले की त्याच जागी नवे. तटाच्या आडोशाला गोल घरं, व्यास सहा ते नऊ मीटर, कुडाच्या भिंती, वर शाकारलेलं छप्पर. एका वेळी इथे दोनशे ते साडेतीनशे माणसं राहत असावीत असा कनलिफ यांचा हिशेब आहे. मेंढ्या भरपूर. लोकर विंचरायच्या, विणायच्या हाडाच्या फण्या आणि मागाला लावायची खडूची वजनं घराघरात. मीठ समुद्रकिनाऱ्यावरून भाजक्या मातीच्या भांड्यांतून येई. एका ठिकाणी लोखंडाच्या २१ लांबट पट्ट्या एकत्र पुरून ठेवलेल्या मिळाल्या. लोहाराने घडवायला घ्यावं असं कच्चं लोखंड त्या रूपात फिरत असे.

आणि खड्डे. उत्खननात सुमारे अडीच हजार खड्डे मोजले गेले. तोंड अरुंद, पोट फुगीर, खोली कुठे माणसाच्या उंचीएवढी तर कुठे त्याहून जास्त. इंग्लंडमध्ये अशा खड्ड्यांबद्दल बराच काळ एक चुकीची समजूत होती. एकोणिसाव्या शतकातले संशोधक त्यांना घरं मानत. लोहयुगातली माणसं जमिनीत बिळं करून, ओलीत, आपलाच केरकचरा तुडवत राहत असत असं चित्र त्यांनी रंगवलं होतं. ही समजूत मोडली ती गेरहार्ट बेर्सू या जर्मन पुरातत्त्वज्ञाने. नाझींनी वंशाच्या कारणावरून त्याला पदावरून काढलं होतं. इंग्लंडमधल्या प्रीहिस्टॉरिक सोसायटीने त्याला बोलावलं आणि १९३८-३९ मध्ये त्याने सॉल्सबरीजवळ लिटल वुडबरीची वस्ती खणली. खांबांच्या भोकांवरून त्याने मोठं गोल घर उभं करून दाखवलं, आणि खड्डे धान्य साठवायचे आहेत हे सिद्ध केलं. ज्या शास्त्रज्ञाने इंग्रजांच्या पूर्वजांना बिळांतून बाहेर काढून प्रशस्त घरात बसवलं, त्यालाच युद्ध पेटल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवर नजरकैदेत ठेवण्यात आलं. तिथेही तो सोबतच्या कैद्यांना घेऊन उत्खनन करत राहिला.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगायला बेर्सूची गरज पडली नसती. हे पेव आहे, एवढं आपल्या आजोबांनी पाहताक्षणी सांगितलं असतं. सांगलीजवळच्या हरिपुरात तिथल्या खास मातीत हळदीची पेवं होती. वर्षानुवर्षं त्यात हळद टिके, कीड लागत नसे. २००५च्या महापुराने त्यांतली बहुतेक उद्ध्वस्त केली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, तोंड उघडं टाकून हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून पाहायचा, विझला तर थांबायचं, हे पेव वापरणाऱ्या गावांत पोरासोरांनाही माहीत असे. त्यात गुदमरून माणसं गेल्याच्या आठवणीही त्या गावांत आहेत.

कंदील विझतो त्याच कारणाने धान्य टिकतं. हे पीटर रेनल्ड्स यांनी हॅम्पशायरमध्येच प्रयोग करून दाखवलं. त्यांनी १९७२ मध्ये बटसर इथे लोहयुगातल्यासारखं शेत उभं केलं: त्या काळची गव्हाची जात, तशाच मेंढ्या, तशीच घरं आणि खडूत खणलेली तशीच पेवं. पेव धान्याने भरून तोंड मातीने लिंपलं की भिंतीला लागून असलेल्या ओलसर दाण्यांना मोड येतात. मोड येताना दाणा आतला प्राणवायू वापरतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. प्राणवायू संपला की मोड थांबतात, कीड मरते आणि मधलं सगळं धान्य झोपी गेल्यासारखं पडून राहतं. कडेचा पातळ थर तेवढा वाया जातो. एका पेवात सहज टन-दीड टन धान्य मावतं, आणि वसंतात उघडल्यावर ते दाणे पेरले तर नीट उगवतात. म्हणजे ही बियाण्याची पेवं होती. पुढच्या वर्षीचं बी गढीच्या तटाआड ठेवायचं, हे त्या लोकांचं खरं धन.

त्या धान्यात कोंडेदार स्पेल्ट गहू आणि जव, आणि त्यांच्याबरोबर कापून आलेल्या तणांचं बी होतं. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक मार्टिन जोन्स यांनी ते बी तपासलं तेव्हा काही तणं कोरड्या खडूच्या माळावरची निघाली, तर काही पाणथळ जागची. धान्य आसपासच्या वेगवेगळ्या जमिनींवरून इथे येत होतं. यावरून कनलिफ यांनी मांडलं की गढी म्हणजे एखाद्या प्रमुखाची पेठ: भोवतालच्या वाड्या-वस्त्यांनी धान्य आणून घालायचं, त्याने राखायचं, वाटायचं. पुढच्या पिढीतल्या जे. डी. हिल यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर हरकत घेतली. राजवाडा म्हणावं असं एकही घर डेनबरीत नाही, श्रीमंताचं वेगळं दफन नाही. मग प्रमुख होता कशावरून? मला ही हरकत रास्त वाटते. सगळी घरं जवळजवळ सारखी आणि मधोमध धान्याची सार्वजनिक ठेव, या चित्रात राजापेक्षा गावकी जास्त दिसते.

पेव एकदा रिकामं झालं की बहुधा पुन्हा वापरत नसत. पण ते बुजवण्याआधी तळाशी काहीतरी ठेवलेलं आढळतं. घोड्याचा एखादा पाय, कुत्र्याचं धड, मेंढी, जात्याचा दगड, लोखंडी अवजार. डोंबकावळ्यांची हाडं तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. आणि माणसं: कधी आखडून बसवलेला पूर्ण देह, कधी नुसती कवटी, कधी मांडीचं एक हाड. ज्या जमिनीने बियाणं सांभाळून परत दिलं तिचं देणं फेडायचं, अशी यामागची भावना कनलिफ यांनी सुचवली. आपल्याकडे अश्विनी पौर्णिमेच्या सुमारास भूमीला नैवेद्य दाखवणाऱ्या शेतकऱ्याला ती परकी वाटणार नाही, मात्र माणसांचे देह तिथे कसे आले याचं उत्तर त्यात मिळत नाही.

इ. स. पू. १०० च्या सुमारास पूर्वेचा दरवाजा जळाला. त्यानंतर तो पुन्हा बांधला गेला नाही. वस्ती विखुरली. रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं ते इ. स. ४३ मध्ये, तोवर डेनबरीत गवत माजून पिढ्या लोटल्या होत्या. पुढची दीड-दोन हजार वर्षं टेकडीवर मुख्यतः गुरं-मेंढरं चरली, शेजारी घोड्यांच्या शर्यतींचं मैदान झालं, बीचची राई वाढली. तट वरून ओघळले, खंदक अर्धे भरले, तरी उभे राहिले, कारण एवढ्या चढावर नांगर घालायच्या भरीला कुणी पडलं नाही.

टेकडीच्या पायथ्याची कहाणी निराळी आहे.

डेनबरी एकटी नव्हती. तिला धान्य पुरवणाऱ्या वाड्या भोवतालच्या उतारांवर पसरलेल्या होत्या, प्रत्येकीला स्वतःचा मातीचा बांध आणि खंदक. या वस्त्या आहेत हे कळलं ते आकाशातून. ओ. जी. एस. क्रॉफर्ड हा गृहस्थ पहिल्या महायुद्धात विमानात बसून टेहळणी करत असे, पुढे ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशाखात्यात पुरातत्त्व अधिकारी झाला. १९२२च्या सुमारास रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकांनी हॅम्पशायरवरून काढलेली काही छायाचित्रं त्याच्या हाती आली. शेतांतून, कुरणांतून लहान लहान चौकोनी रेषांचं जाळं दिसत होतं. ते प्राचीन शेतांचे बांध होते. १९२४ च्या उन्हाळ्यात क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर केलर यांनी डेनबरीजवळच्याच अँडोव्हर गावी तळ ठोकून विमान उडवलं आणि परगण्यांमागून परगणे टिपले. १९२८ मध्ये त्याचा ग्रंथ झाला.

वरून दिसतं ते पिकामुळे. जुना खंदक बुजला तरी त्यातली माती खोल आणि ओल धरणारी असते. पावसाने ओढ दिली की त्या रेषेवरचा गहू हिरवा आणि उंच राहतो. बाजूचा, पातळ मातीतला, पिवळा पडतो. दोन हजार वर्षांपूर्वी खणलेला खंदक उभ्या पिकात नकाशासारखा उमटतो, दोन आठवडे टिकतो आणि कापणीबरोबर जातो. जे छायाचित्र संशोधकाला आनंद देतं, तेच सांगतं की या वस्तीवर आता शेत आहे, तट सपाट झाला आहे आणि दर वर्षी फाळ तिथून जातो आहे.

घोड्याच्या नांगराने शेकडो वर्षांत जे झालं नाही ते काही दशकांत झालं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांनी बोटी बुडवायला सुरुवात केली तेव्हा इंग्लंडला स्वतःच्या अन्नाची काळजी पडली. प्रत्येक परगण्यात शेती समित्या नेमल्या गेल्या. कुठली कुरणं मोडून नांगरायची हे त्या ठरवत आणि शेतकऱ्याला ते मानावं लागे. युद्ध संपलं तरी १९४७ च्या शेती कायद्याने हमीभाव दिले, अनुदानं दिली. ट्रॅक्टर आले, फाळ खोल गेले. मोकळ्या माळावर, उतारांवर, जिथे रोमनांच्या काळापासून फक्त मेंढ्या फिरल्या होत्या तिथे गहू आणि जव डोलू लागले. उतारावर नांगरलं की माती दर पावसाला थोडी खाली सरकते. वरच्या अंगाला मातीचा थर पातळ होतो, फाळ खडूपर्यंत पोचतो आणि दर वर्षी बोटभर खडू, त्याबरोबर एखाद्या घराची जमीन, एखाद्या पेवाचं तोंड खरवडून वर आणतो. नांगरलेल्या शेतात खडूचे पांढरे ठिपके दिसू लागले की समजावं, खालचं काहीतरी नुकतंच गेलं.

याच काळात वनखातं टेकड्यांवर उतरलं. पहिल्या महायुद्धात खाणींसाठी, खंदकांसाठी लाकूड कमी पडलं म्हणून १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं. शेतीला निरुपयोगी, स्वस्त, चढावरची जमीन त्यांनी घेतली. आणि प्राचीन वस्त्यांचे बांध बहुतेक अशाच जमिनीवर शिल्लक होते. सूचिपर्णी रोपं लावण्याआधी ट्रॅक्टरने खोल सऱ्या पाडत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर इंग्लंडमध्ये गोल घरांची किती वर्तुळं त्या सऱ्यांनी चिरली याची गणती करणंही पुढे अवघड झालं, कारण वर दाट, काळोखं रान उभं राहिलं.

कनलिफ यांना डेनबरीच्या वीस वर्षांनंतर हे उमगलं होतं की गढी समजायची तर तिच्या वाड्या पाहायला हव्यात. १९८४ मध्ये रॉग पामर यांनी हवाई छायाचित्रांवरून डेनबरीभोवतीच्या प्रदेशाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. तो हाताशी धरून १९८९ ते १९९६ या काळात वूलबरी, बरी हिल, सडर्न फार्म, नेटलबँक कॉप्स, हौटन डाउन अशा स्थळांवर चर घेतले गेले. अनेक ठिकाणी नांगराने वरचं सगळं नेलेलं होतं. खडूत खोल गेलेले खंदक आणि पेवांचे तळ तेवढे उरले होते. घरांच्या जमिनी नाहीत, चुली नाहीत. सडर्न फार्मला मात्र खडू काढलेल्या एका जुन्या खाणीच्या खळग्यात लोहयुगातली दफनभूमी मिळाली. ब्रिटनच्या या भागात त्या काळची दफनं इतकी दुर्मीळ की मेलेल्या माणसांचं हे लोक करत काय, हाच अभ्यासकांपुढचा प्रश्न होता. ती वाचली, कारण खळग्यामुळे फाळाच्या खाली राहिली. सपाट जागी असती तर हाडांचा चुरा होऊन गव्हाच्या मुळांत मिसळून गेली असती.

कायदा होता. ब्रिटनचा पहिला पुरातन वास्तू संरक्षण कायदा १८८२ चा. १९७९च्या कायद्याने संरक्षित स्थळाला हात लावण्याआधी परवानगी घेणं सक्तीचं केलं. पण जी जमीन आधीपासून नांगराखाली आहे तिथे नेहमीच्या खोलीपर्यंत नांगरत राहायला सर्वसाधारण मुभा ठेवण्यात आली. म्हणजे संरक्षित यादीत नाव असलेल्या वस्तीवर घर बांधता येत नव्हतं, पण ती दर वर्षी कायदेशीरपणे झिजवता येत होती. २००३ मध्ये इंग्लिश हेरिटेज या सरकारी संस्थेने या झिजेविरुद्ध जाहीर मोहीम उघडली आणि २००५ पासून शेतीच्या पर्यावरण योजनेत एक सोय झाली: अशी जागा नांगरातून काढून गवताखाली ठेवली तर शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळू लागले. शेतकऱ्याला खलनायक न करता हा मार्ग निघाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपलं या मातीच्या गढ्यांशी एक जवळचं नातं आहे. हसमुख धीरजलाल सांकळिया तिशीच्या दशकात लंडनला पीएच. डी. करत होते, तेव्हा डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल या प्रचंड गढीवर मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात त्यांनी काम केलं. माती थराथराने कशी वाचायची ते तिथे शिकले. पुढे व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख होऊन १९४४ मध्ये इथे आले, आणि सांकळियांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची शाळाच उभी केली. कनलिफ डेनबरीला होते जवळजवळ त्याच वर्षांत, १९६८ ते १९८३, डेक्कन कॉलेजची माणसं शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव खणत होती. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांचे विद्यार्थी. तिथेही शंभराहून जास्त घरं, शेवटच्या टप्प्यात गोल झोपड्या, धान्याची पेवं, मातीचा बांध. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचं जीवन त्या उत्खननामुळे उभं राहिलं.

आणि तिथलं संकटही तेच. आपल्याकडे नदीकाठी गावाला लागून पांढरीचं टेकाड असतं. राखेने, शेणाने, पडलेल्या भिंतींनी शतकानुशतकं साचलेली ही मऊ माती शेतकरी गाडी भरभरून शेतात नेऊन टाकत आला, धाब्याच्या घरांवर पसरत आला. आता ते काम जेसीबी दोन दिवसांत करतो आणि टेकाडाच्या जागी ऊस उभा राहतो. शिवकाळातल्या किल्ल्याचा एक चिरा ढासळला तर वर्तमानपत्रात बातमी येते. साडेतीन हजार वर्षांच्या टेकाडाची येत नाही.

डेनबरीच्या तटांवर आज गवत राखलेलं आहे, मेंढ्या चरतात, आतल्या भागात काही झाडं अजून आहेत. गढीचा ४३ टक्के भाग खणलेला नाही. तो तसाच राहिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. १९८८ मध्ये उत्खनन थांबलं तेव्हा प्राचीन हाडांतून डीएनए काढून पेवात पुरलेली माणसं एकमेकांची कोण होती हे शोधण्याची सोय नव्हती. आज ती आहे, आणि उद्या आणखी काही असेल. त्या भागासाठी एवढंच पुरेसं आहे की तिथे नवी बीच लावू नयेत आणि असलेली पडण्याआधी हलक्या हाताने उतरवून घ्यावीत. पायथ्याच्या वाड्यांना तेवढ्याने भागणार नाही. तिथे फाळ वर उचलावा लागेल, त्या पट्ट्यात कायमचं गवत ठेवावं लागेल आणि त्या पट्ट्याचं बुडालेलं उत्पन्न सरकारने दर वर्षी वेळेवर शेतकऱ्याच्या खात्यात भरावं लागेल.